क्लिनिकसाठी मागवलेला प्लास्टिकचा छातीचा पिंजरा, दोन महिने वापरून झाल्यावर

स्टार द्यायचे तर पाचपैकी तीन. साडेतीन दिले असते खरं तर, पण अकराव्या बरगडीवरून सेलरनं जो घोळ घातलाय त्यामुळं ते अर्धं मी राखून ठेवलंय, ते प्रकरण शेवटी सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कराडला छोटं क्लिनिक आहे, बरीच वर्षं झाली. गुडघ्याचं मॉडेल होतं, मणक्याचं होतं, छातीचं कधी घेतलंच नव्हतं कारण आपल्याकडं येणारे पेशंट म्हणजे कंबर, मान, गुडघा आणि खांदा, बरगडीसाठी मुद्दाम कोण येतं. पण गेल्या गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या, रस्त्यावर सांडलेला पाला आणि त्यावरून घसरलेल्या टू-व्हीलर असं करत लागोपाठ चार पेशंट बरगड्या मोडून आले, आणि त्यांना समजवायला मी कागदावर चित्र काढायचे तर माझा मुलगा ते बघून म्हणाला, मम्मी हा बांगड्याचा काटा आहे का? मग मागवलं. लाईफ साईझ, स्टँडसकट, कुरिअर धरून 4,350 रुपये पडले. बारा जोड्या बरगड्या, पुढं छातीचं मधलं हाड म्हणजे स्टर्नम, मागं फक्त छातीचे बारा मणके. मान नाही, कंबर नाही.

बॉक्स उघडला तेव्हा नव्या रेक्झिनच्या चपलेसारखा वास सुटला म्हणून दोन दिवस मागच्या अंगणात ठेवला, तर सासूबाई सकाळी पाणी घालायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, तुळशीपाशी कसला सांगाडा आणून ठेवलायस?" वास चौथ्या दिवशी गेला. डावीकडची अकरावी बरगडी मात्र येतानाच मणक्यापाशी मोडलेली होती. पॅकिंगला थर्मोकोल होतं पण ते समोरच्या बाजूला, खालच्या दोन बरगड्या पुढं कशालाच जोडलेल्या नसतात म्हणून त्यांना आधार द्यायला पाहिजे हे पॅक करणाऱ्याच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. खऱ्या माणसात निदान स्नायू तरी असतात धरायला.

आता चांगलं काय ते आधी.

स्टर्नमचा कोन फार छान जमलाय. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गळ्याच्या खळग्यापासून बोट सरळ खाली न्या, चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो, तिथं स्टर्नमचे वरचा आणि मधला असे दोन भाग जुळतात आणि बरोब्बर त्याच पातळीला दुसरी बरगडी येऊन मिळते. बरगड्या मोजायच्या त्या इथून. पहिलीपासून मोजायला गेलात तर फसता कारण पहिली कॉलरबोनखाली लपलेली असते, हाताला नीट लागतच नाही. ईसीजी काढताना छातीवरचे पहिले दोन लीड चौथ्या फटीत, म्हणजे चौथ्या बरगडीच्या खालच्या मोकळ्या जागेत, स्टर्नमच्या दोन्ही बाजूंना लावायचे असतात आणि ती चौथी फट शोधायची रीतही हीच, उंचवटा, दुसरी बरगडी, तिच्या खालची दुसरी फट, मग तिसरी, मग चौथी. मॉडेलवर डोळे मिटून बोट फिरवलं तरी हा उंचवटा कळतो. आमच्या शेजारच्या लॅबमधली नवीन पोरगी लीड एक फट वर लावायची, तिला दहा मिनिटं हे मॉडेल हातात दिलं आणि तेवढ्यात काम झालं.

पुढच्या कूर्चा, म्हणजे बरगड्यांच्या पुढच्या टोकाचा लवचिक भाग, त्यापण चांगल्या आहेत, निळसर पांढऱ्या, थोड्या मऊ, दाबल्या की वाकतात. पहिल्या सात बरगड्या आपापल्या कूर्चेनं थेट स्टर्नमला, आठवी नववी दहावी प्रत्येकी वरच्या बरगडीच्या कूर्चेला टेकू घेऊन, आणि अकरावी बारावी मोकळ्या. हे टेकू घेणं खूप स्वच्छ दाखवलंय, छातीच्या खाली जी कमान हाताला लागते ती कशी बनते हे पेशंटला एका नजरेत कळतं. कमानीपाशी दुखतंय, वाकलं की कट् वाजतं म्हणून एक मुलगी आली होती, कबड्डी खेळणारी, सगळ्यांनी तिला ॲसिडिटीच्या गोळ्या दिलेल्या. दहाव्या बरगडीचं टोक तिथं सैल होऊन वर सरकत होतं. मॉडेलवर बोट ठेवून दाखवल्यावर तिची आई म्हणाली, म्हणजे ही पोरगी खोटं बोलत नव्हती तर. त्या एका वाक्यात माझे निम्मे पैसे वसूल.

आणि लोक येताजाता विचारतात तो प्रश्न, मॅडम हा बाईचा की पुरुषाचा, बाईला एक बरगडी जास्त असते ना? नसते हो. दोघांनाही बारा जोड्या. क्वचित कुणाला एखादी कमी-जास्त असते, पण त्याचा बाई-पुरुष असण्याशी संबंध नाही.

आता खरी गंमत. माझी भाची फिजिओच्या पहिल्या वर्षाला आहे, तिच्याकडं सीनियरकडून घेतलेला खऱ्या हाडांचा हाफ सेट आहे. हाफ सेट म्हणजे एका बाजूची हाडं, पिढ्यानपिढ्या हातातून हातात गेलेली, कुणीतरी त्यावर निळ्या पेननं स्नायूंच्या जागा रंगवलेल्या. पूर्वी आपल्या देशातून, मुख्यतः कलकत्त्याहून, असे सांगाडे जगभरच्या कॉलेजांना जायचे, 1985 ला सरकारनं मानवी हाडांची निर्यात बंद केली. देशातल्या देशात हे हाफ सेट मात्र बाजारच्या पिशवीतून फिरत राहिले, आणि भाचीनं पण खरोखर बाजारच्या पिशवीतूनच आणला. रविवारी डायनिंग टेबलावर पेपर अंथरून आम्ही खऱ्या बरगड्या आणि हे मॉडेल शेजारी शेजारी ठेवून तपासलं. सासूबाईंनी त्या दिवशी जेवण ओट्यावर उभ्यानं केलं.

तर खरी बरगडी हातात घेतली की पहिल्यांदा लक्षात येतं ते हे की ती नुसती वाकलेली नाही, पिळलेलीपण आहे. सुकलेलं केळीचं सोपट पिळल्यासारखी. मागून येते, मणक्यापाशी डोकं, मग मान, मग गाठ, आणि तिथून थोडं पुढं गेलं की एकदम वळते, त्या वळणाला अँगल म्हणतात. मागून-पुढून दाबली गेली तर बरगडी मोडायची कमजोर जागा ह्या अँगलच्या जरा पुढं. टेबलावर ठेवली तर एक टोक हवेत राहतं. मॉडेलमधली बरगडी नुसती वाकलीय, पिळलेली नाही, म्हणजे साच्यातून काढलेली प्लास्टिकची पट्टी उष्णतेनं गोल केलीय असं वाटतं. पेशंटला फरक पडत नाही. विद्यार्थ्याला पडतो, कारण व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न विचारतात तो बाजू ओळख, उजवी का डावी.

दुसरं, आणि हे मला सगळ्यात खटकलं, खोबणच नाही. प्रत्येक नेहमीच्या बरगडीच्या आतल्या अंगाला, खालच्या कडेलगत, एक लांब खोबण असते. त्या खोबणीत वरून खाली शीर, धमनी, नस अशा क्रमानं तीन दोऱ्या जातात, व्हेन, आर्टरी, नर्व्ह, म्हणून पोरं व्हॅन म्हणून पाठ करतात. म्हणजे बरगडीची खालची कडा हा धोक्याचा भाग. टीबीमुळं छातीत पाणी होतं तेव्हा डॉक्टर पाठीतून सुई घालून पाणी काढतात, ती सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला घासून आत घेतात, वरच्या बरगडीच्या खालून कधी नाही, त्याचं कारण ही खोबण. बरगडीचा अख्खा धडा एका बाजूला आणि ही एक गोष्ट एका बाजूला. आणि ह्या मॉडेलमध्ये तिसरी-चौथीला पुसटशी रेघ आहे, पुढं सगळ्या बरगड्या आतून गुळगुळीत, पडद्याच्या रॉडसारख्या. प्रॉडक्टच्या वर्णनात मात्र मेडिकल कॉलेजसाठी उपयुक्त असं लिहिलंय.

मी जुगाड केला. लोकरीचे तीन धागे, निळा लाल पिवळा, पाचव्या ते आठव्या बरगडीच्या आतल्या कडेला फेविक्विकनं चिकटवले. वरून खाली निळा, लाल, पिवळा. पिवळा म्हणजे नस सगळ्यात खाली, सगळ्यात उघडी. खर्च तीस रुपये, लोकर सासूबाईंच्या डब्यातली. हे कंपनीला करता आलं नसतं का?

त्या पिवळ्या धाग्यानं एक काम मात्र असं केलं की विचारू नका. एक मावशी पाठीतून कुशीकडं येणारी आग घेऊन आल्या, उजव्या बाजूला, एकाच पट्ट्यात, हात लावला तरी सहन होईना. त्यांना वाटलं पाण्याची घागर उचलताना उसण भरली. मला चाल वेगळी वाटली, स्नायूचं दुखणं असं आखून दिल्यासारखं जात नाही, म्हणून शेक दिलाच नाही, म्हणलं डॉक्टरांना दाखवा आणि फोड आले तर त्याच दिवशी जा, थांबू नका. दुसऱ्या दिवशी फोड आलेच. नागीण. कांजिण्यांचा व्हायरस बरं झाल्यावरही नसांच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि वर्षांनी एखाद्या नसेवरून बाहेर येतो, छातीवर ती नस म्हणजे हीच बरगडीच्या खोबणीतली, म्हणून फोड बरगडीच्या वळणानं जातात. औषध फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत चालू झालं तर चांगलं लागू पडतं. नंतर मावशी आल्या त्या घाबरलेल्या, कारण गल्लीतल्या कुणीतरी सांगितलेलं की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. मी त्यांना मॉडेल फिरवून दाखवलं, हा पिवळा धागा मणक्यापासून निघतो आणि पुढं स्टर्नमपाशी संपतो, डावीकडचा धागा वेगळा, उजवीकडचा वेगळा, मध्यरेषा ओलांडून ही सहसा जातच नाही तर जुळणार कशी? मावशींनी धाग्यावरून दोनदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे हिला शेपूटच न्हाई."

तिसरं, पहिली बरगडी. ही बाकीच्यांसारखी दिसतच नाही, सगळ्यात आखूड, सगळ्यात रुंद, सगळ्यात वळलेली, आणि बाकीच्यांना आत-बाहेर अशा बाजू असतात तर हिला वर-खाली असतात, सपाट कोयत्यासारखी. भाचीनं खरी पहिली बरगडी टेबलावर ठेवली, वरची बाजू वर करून ठेवली की दोन्ही टोकं टेबलाला टेकतात, उलटी ठेवली की नाही, बाजू ओळखायची ही सोपी युक्ती. हिच्या आतल्या कडेला एक छोटा उंचवटा असतो, मानेतला एक स्नायू तिथं चिकटतो, त्या उंचवट्याच्या पुढून हाताची मोठी शीर जाते आणि मागून धमनी आणि हाताच्या नसांचा जुडगा. अख्ख्या हाताचा बोगदा आहे तो. मॉडेलमध्ये आकार बरा आहे, हा उंचवटा नाही. आणि मान नसल्यामुळं मला जे सगळ्यात जास्त दाखवावं लागतं ते दाखवता येत नाही, म्हणजे सर्व्हायकल रिब. काही लोकांना मानेच्या सातव्या मणक्यातून एक जादाची बरगडी फुटलेली असते, साधारण दोनशेत एक धरा, बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही, पण कुणाकुणाच्या नसा तिच्यावर ताणल्या जातात आणि करंगळीच्या बाजूला मुंग्या, पकड कमी, भांडी हातातून सुटणं असं चालू होतं. अशा बाया महिनोन्महिने मनगटाला पट्टा बांधून फिरतात आणि भानगड असते गळ्यापाशी. पुढच्या वेळी मी मानेसकट येणारा पीस घेईन, हजार-दीड हजार जास्त गेले तरी चालेल.

आता सगळ्यात मोठी तक्रार, पण ही ह्याच मॉडेलची म्हणता येणार नाही, अशा सगळ्याच मॉडेलची असावी. हलत नाही. सगळं चिकटवून टाकलेलं. आणि बरगड्यांचं काम काय तर हलणं! लोकांना वाटतं पिंजरा म्हणजे आतल्या फुप्फुसांना आणि हृदयाला राखायला केलेली लोखंडी जाळी. जाळीच करायची होती तर कवटीसारखी एकसंध केली असती देवानं. मिनिटाला पंधरा श्वास धरा, दिवसाचे झाले 21,600, तेवढ्या वेळा ह्या चोवीस बरगड्या वर-खाली होतात, झोपेतपण. वरच्या बरगड्या हापशाच्या दांड्यासारख्या हलतात, मागं खिळ आणि पुढचं टोक वर, त्यामुळं स्टर्नम पुढं येतो आणि छाती पुढं-मागं वाढते. खालच्या बरगड्या, सातवी ते दहावी, बादलीच्या कडीसारख्या, दोन्ही टोकं जागेवर आणि मधला भाग बाहेर उचलला जातो, छाती कडेनं रुंद होते. पुस्तकात इंग्रजीत हीच नावं आहेत पंप हँडल आणि बकेट हँडल, पण शहरातल्या पोरांनी हापसा बघितलेलाच नसतो तर ती काय समजणार, आमच्याकडं अजून आहेत म्हणून बरं. मी आता मॉडेलशेजारी खरोखरची एक प्लास्टिकची बादली ठेवलीय. मॉडेल 4,350 चं आणि शिकवायला जास्त कामाला येते 120 रुपयांची बादली.

हे हलणं समजलं नाही की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे हंगामातले माझे एक काका, घाटात गाडी घसरली, उजवीकडं दुखतंय, एक्सरेमध्ये काही दिसलं नाही म्हणून घरी पाठवलेलं. एक्सरेत बरगडीचं फ्रॅक्चर सुटू शकतं, विशेषतः हाड सरकलेलं नसेल तर, नंतर सीटीत सहावी सातवी आठवी निघाली. दरम्यान पुतण्यानं मेडिकलमधून रिब बेल्ट आणून दिला, आणि काकांनी तो असा आवळला की बैलाचा सापता पण तेवढा कुणी आवळत नाही. बरं वाटायचं त्यांना, दुखायचं कमी. पण श्वास वरवरचा, खोकायची भीती, कफ साठलेला, सहाव्या दिवशी ताप. पूर्वी डॉक्टर लोकही पट्ट्या बांधायचे, आता नाही बांधत ते ह्याच कारणानं, बांधलेल्या बाजूचं फुप्फुस फुलत नाही आणि मग न्यूमोनिया. काकांना मॉडेल दाखवून सांगितलं की काका, हात मोडला तर प्लास्टर घालून गप्प बसवता येतो, बरगडीला गप्प बसवता येत नाही कारण ती बसली तर श्वास बसला. दुखायची गोळी घड्याळ बघून घ्या, दुखल्यावर नाही, म्हणजे खोल श्वास घेता येईल. खोकताना उशी छातीशी कवटाळून खोका. श्वास ओढून बॉल वर उचलायचं ते तीन बॉलचं मशीन दिवसातून किती वेळा ते लिहून दिलं. न्यूमोनियाचा उपचार अर्थातच डॉक्टरांनी केला, मी श्वासाचं बघितलं. साधारण सहा आठवड्यांत बरगडी आपली आपण जुळते, काकांचीही जुळली, आता तो बेल्ट पुतण्या डंबेल मारताना कमरेला लावतो.

जाता जाता एवढं सांगते की कुठली बरगडी मोडली ह्यावरून डॉक्टर आतलं काय बघायचं ते ठरवतात. डाव्या बाजूची नववी-दहावी-अकरावी म्हणली की प्लीहा, उजवीकडं लिव्हर, पाठीमागं अकरावी-बारावीपाशी किडनी. पहिली मोडली असेल तर धक्का फारच जोराचा होता म्हणून मोठ्या रक्तवाहिन्या, मान, सगळंच तपासतात. आणि ओळीनं तीन किंवा जास्त बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्या तर मधला तुकडा सुटा होतो, बाकीची छाती बाहेर येते तेव्हा तो आत जातो, हे दिसलं तर फिजिओ बिजिओ काही नाही, थेट मोठं हॉस्पिटल. लहान पोरांचं उलटं, त्यांच्या बरगड्या ओल्या फोकासारख्या लवचिक, बरगडी शाबूत आणि आत फुप्फुसाला मार असं होऊ शकतं.

मॉडेलचा एक चुकीचा वापर मी स्वतः केला तो सांगते म्हणजे तुम्ही करू नका. जिमवाल्या पोरांना सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची ते, दाखवायला बोलावलं होतं, त्यांचा पुतळा आला नाही म्हणून मी हे मॉडेल नेलं. सीपीआरला स्टर्नमच्या खालच्या अर्ध्या भागावर मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर दाबायचं असतं. पहिल्या पोरानं दाबलं, तिसऱ्या दाबाला चौथ्या बरगडीची कूर्चा फट्कन सुटली आणि सगळे मागं सरकले. त्याचा एक फायदा झाला, मी तिथंच म्हणलं की हा आवाज लक्षात ठेवा, खऱ्या माणसावर, त्यातून वयस्कर माणसावर, असा आवाज येऊ शकतो, बरगडी मोडू शकते, तरी थांबायचं नाही, मोडलेली बरगडी जुळते. कूर्चा फेविक्विकनं बसली. पण दाबायला हे मॉडेल केलेलं नाही, स्टँडचा रॉडपण त्या दिवसापासून किंचित डावीकडं झुकलाय.

मग घ्यावं की नाही? क्लिनिकमध्ये पेशंटला दाखवायला, नर्सिंगच्या पोरींना फटी मोजायला शिकवायला, ईसीजीवाल्यांना, जरूर घ्या, ह्या किमतीत बरं आहे. स्वच्छ करायला सोपं, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं, दोन महिन्यांत रंग उतरलेला नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांनी मात्र ह्यावर अभ्यास करू नये, त्यांनी सुट्या बरगड्यांचा सेट बघावा, हातात घेऊन फिरवता आला पाहिजे, किंवा सीनियरच्या पाया पडून हाफ सेट मिळवावा. भाचीच्या हाफ सेटमध्येसुद्धा सातवी दोन आहेत आणि बारावी गायब आहे, म्हणजे एका माणसाची हाडं नाहीतच ती, पण त्यातली कुठलीही नेहमीची बरगडी उचलली तरी खोबण नखाला लागते.

आता ती अकरावी. मोडलेल्या डाव्या अकराव्याचे फोटो पाठवले, कस्टमर केअरवाला मुलगा गोड बोलला, नऊ दिवसांत नवीन बरगडी आली. वेगळ्या बॅचची, जरा गुलाबी, ते चाललं असतं. बसवायला गेले तर गोलाई बरोबर बसवली की खालची कडा वर येतेय, कडा बरोबर धरली की पोट बाहेर आणि पाठ आत. उजवीची पाठवलेली. फोन केला. मुलगा म्हणाला, मॅडम तुम्ही अकरा नंबर मागितला होता, अकरा नंबरच पाठवलाय. मी म्हणलं अरे डावी पाहिजे. तो म्हणाला, "मॅडम बरगडीत लेफ्ट-राईट नसतं, चपलेत असतं." मी पाच मिनिटं समजावलं, अरे बाबा दोन्ही हातांचे पंजे पालथे करून एकमेकांवर ठेव, जुळतात का, तसंच हे. त्यानं तिकडं खरंच हात ठेवून बघितले असावेत कारण थोडा वेळ आवाजच आला नाही, मग म्हणाला सुपरवायझरशी बोलतो. तिकीट अजून प्रोसेसिंगमध्येच दिसतंय, तीन आठवडे झाले. डावीकडची जागा मोकळीच आहे, पेशंट विचारतात ही कुणी काढली, आणि ती गुलाबी उजवी अकरावी भाची घेऊन गेली, मैत्रिणींना बाजू ओळखायला देते आणि चुकेल त्याच्याकडून वडापाव घेते.